खोड्यात न बसणारा रुग्ण

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर जगणारे गाव. अशा गावात जनावरांच्या दुखण्याची गोष्ट निघाली, की ती बैल, गाय, म्हैस आणि शेळी एवढ्यांवरच आटोपावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. अलीकडे मात्र त्या गोष्टींत कुत्र्याने, आणि क्वचित मांजरानेही, शिरकाव केला असून तो शिरकाव बहुधा तक्रारीच्या स्वरूपाचा असतो. बैल आजारी पडला तेव्हा लागले नाहीत तेवढे पैसे या कुत्र्याच्या चार सलाइनींना लागले. पोराच्या तापावर शे-दीडशेत भागते आणि पिल्लाच्या तापाला पाचशेच्या दोन नोटा मोडाव्या लागतात. अशी वाक्ये पानटपरीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत कोठेही कानी पडतात. तक्रार खरी आहे. तिचे जे कारण सांगितले जाते, म्हणजे डॉक्टरांची हाव, ते मात्र रुपयात फार तर एक आणा खरे असावे. उरलेले पंधरा आणे इतिहासात, सरकारी अंदाजपत्रकात आणि खुद्द वैद्यकशास्त्राच्या प्रगतीत दडलेले आहेत.

वऱ्हाडातील कुत्रा हा निरुद्योगी प्राणी कधीच नव्हता. हरभऱ्याचे घाटे भरू लागले, की रोह्यांचे आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत वावर साफ करून जातात. आणि जागलीला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झापड आली तरी ज्याचे कान उभेच राहतात, असा सोबती म्हणून या मुलखात कुत्र्याची योग्यता मानली गेली. त्याचा रोजमुरा म्हणजे शिळी भाकर. त्याचे औषध म्हणजे जखमेवर हळद, आणि जखमेत किडे पडले तर टर्पेंटाइनचा बोळा किंवा कुटलेली डांबरगोळी. एवढ्यावर तो वाचला तर वाचला, नाही तर पुढल्या हंगामाला दुसरा. या जुन्या कुत्र्याच्या शेजारी आता एक नवा कुत्रा येऊन बसला आहे. तो लॅब्रेडॉर किंवा पोमेरेनियन असतो, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने आणलेला असतो, ओसरीवर नव्हे तर कूलरसमोर झोपतो, आणि घरातील लेकरे त्याला आपल्यांतलाच एक समजतात. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात थंड मुलखातल्या या जातींचे काय होते हे पाहिले, म्हणजे हौसेचीही काही पूर्वतयारी असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. पण तो विषय निराळा. येथे एवढेच सांगावयाचे, की दोन्ही कुत्र्यांचे मालक आज दवाखान्याची वाट धरतात, आणि दोघांनाही ती महाग पडते.

ज्या दवाखान्याची ही वाट, त्याची घडणच मुळी कुत्र्यासाठी झालेली नाही. जुन्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर बहुधा एक खोडा दिसतो. चार भक्कम लोखंडी नळ जमिनीत रोवलेले, त्यांना आडवे दांडे जोडलेले, आणि मधोमध बैल सरळ उभा राहील एवढीच जागा. जनावर आत घ्यावयाचे, मागचा दांडा सरकवावयाचा, मान दाव्याने आवळावयाची, आणि मग डॉक्टरांनी निर्धास्तपणे सुई टोचावी किंवा खूर तपासावा. कपाटातील पिचकाऱ्या, सुया, औषध पाजण्याच्या नळ्या, सारे काही तीन-चारशे किलो वजनाच्या देहाच्या मापाचे. बारा किलोचे कुत्रे त्या खोड्यात उभे केले, तर ते दांड्यांखालून निघून जाते.

हे माप ठरविले ते कोणा एका माणसाने नव्हे, तर शेतसाऱ्याच्या हिशेबाने. बैल मेला की नांगर थांबला, नांगर थांबला की जमाबंदीची वसुली थांबली, हे इंग्रज सरकारला बुळकांडीच्या साथींनी शिकविले होते. १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरला हलविली गेली; तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून नावारूपास आली. मुंबई इलाख्यात त्याच सुमारास मुलकी पशुवैद्यक खाते उभे राहिले. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ त्याच्याच आवारात. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताशी जोडलेले असल्यामुळे जवळचे म्हणावे असे महाविद्यालय १९४८ साली निघाले ते जबलपूरला. आणि राज्यपुनर्रचनेने जबलपूर परके झाल्यावर १९५८ साली नागपूरला महाविद्यालय स्थापन करण्यात आले. पुढे जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यांतील दवाखाने त्यांच्या दप्तरात गेले. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी दोनच्या दवाखान्यात पदविकाधारक पर्यवेक्षक, अशी व्यवस्था बसली. घटसर्प, फऱ्या यांच्या लसी पुण्याच्या औंध येथील सरकारी संस्थेत तयार होऊन गावापर्यंत पोहोचू लागल्या.

या साऱ्या खटाटोपाचा खर्च कोण करीत होते? सरकार. शेतकऱ्याने द्यावयाचे ते नाममात्र सेवाशुल्क. डॉक्टरचा पगार, इमारत, लस, वाहन, यांतील कशाचाच बोजा त्याच्या पावतीवर पडत नसे, आणि आजही पडत नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ जळगावकडून पसरत वऱ्हाडात शिरली, तेव्हा गोवंशाला शेळ्यांच्या देवीवरील लस घरोघर आणि फुकट टोचली गेली. बैलाचा उपचार स्वस्त आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत दुसऱ्याच खात्यावर मांडलेली असते एवढेच.

कुत्र्याचे नाव त्या खात्यावर नाही. गंमत अशी, की पशुगणनेच्या तक्त्यात त्याला रकाना आहे. २०१९ सालच्या विसाव्या गणनेत तो मोजला गेला आणि २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेतही प्रगणकाने त्याची विचारपूस केली. परंतु मोजणी झाली म्हणून तरतूद झाली असे होत नाही. सरकारी डॉक्टर कुत्र्याला हात लावीत नाही असा याचा अर्थ नव्हे. तो तपासतो, जमेल तो इलाजही करतो. पण औषधांचा साठा मंजूर होतो तो दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या हिशेबाने, म्हणून कुत्र्यासाठी बहुधा बाहेरची चिठ्ठी लिहून मिळते. सरकारला कुत्रा खरोखर आठवतो तो पिसाळला म्हणजे. ६ जुलैच्या प्राणिजन्य रोग दिनी किंवा २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनी ठिकठिकाणी मोफत लसीकरण होते, कारण त्या लसीने कुत्र्याबरोबर माणूसही वाचतो. गोव्याने हाच विचार हट्टाने शेवटास नेला. २०१४ पासून तेथे गावोगाव जाळी आणि लशीच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या पथकांनी पाळीव आणि भटक्या कुत्र्यांना सरसकट टोचले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्याच्या मालकाला त्या कामी खिशात हात घालावा लागला नाही. जेथे कुत्र्याचे आरोग्य सार्वजनिक हिताचे ठरले तेथे ते स्वस्त झाले. जेथे ते खाजगी ममतेचे राहिले तेथे ते ममता करणाराच्या पदरात पडले.

आता बाहेरची चिठ्ठी हाती आल्यावर पुढे काय होते ते जवळून पाहू. रानडुकराने सुळा मारून मांडी उघडी केलेला जागलीचा कुत्रा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळून आणलेला असतो. बैलाला खोड्यात जखडून, जागा बधिर करून टाके घालता येतात; कुत्रा वेदनेने मालकालाही चावतो. पट्टीने त्याचे तोंड बांधले तरी मांडीच्या स्नायूंचे थर एकामागून एक शिवावयाचे तर त्याला भूल देणे भाग पडते. त्यासाठी पूर्वापार वापरात असलेले केटामिन हे औषध नशेसाठी वापरले जाऊ लागल्यामुळे डिसेंबर २०१३ मध्ये ‘एक्स’ अनुसूचीत घातले गेले. तेव्हापासून ते ठेवावयाचे तर औषधविक्रेत्याला स्वतंत्र परवाना, डॉक्टरच्या चिठ्ठीच्या दोन प्रती, आणि त्यांतील एक प्रत दोन वर्षे जपण्याची शिक्षा! तालुक्याच्या गावचा दुकानदार इतक्या उपद्व्यापात पडत नाही. मग डॉक्टरला ते शहरातून आणवून ठेवावे लागते, वापरले न गेल्यास मुदत संपून फेकावे लागते, आणि फेकलेल्या कुपीची किंमत वापरलेल्या कुपीवर चढते. टाक्यांचा दोरा, हातमोजे, सलाइन, प्रतिजैविक आणि वेदनाशामक यांची रक्कम त्यावर निराळी.

वेदनाशामकाची कथा तर सांगण्याजोगी आहे. डायक्लोफिनॅक हे अत्यंत स्वस्त औषध वर्षानुवर्षे जनावरांना टोचले जाई. त्याचा अंश राहिलेले मृत जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ती मरतात हे सिद्ध झाल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध त्याच्या जागी आले. आरंभी ते महाग होते, पुढे उतरले. गिधाडांसाठी चार पैसे जास्त गेले म्हणून हळहळणाराने गावकुसाबाहेर मेलेले ढोर किती दिवस पडून राहते ते एकदा पाहावे.

दुखणे जखमेसारखे उघड नसले म्हणजे खर्चाचे स्वरूप आणखी पालटते. गोचीडतापाचे घ्या. कुत्रा दोन दिवस खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. पूर्वी याला ‘नजर लागली’ म्हणत आणि आठवड्यात प्रकरण मिटे. आज डॉक्टर कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात, दुसऱ्या पट्टीच्या धारेने तो पातळ पसरतात, वाळवून जिम्सा रंगाने रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तांबड्या पेशींच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढ्या जांभळ्या आकृती दिसल्या तर बबेसिया. पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा पुंजका दिसला तर एर्लिकिया. पुष्कळदा दोहोंपैकी काहीच दिसत नाही आणि आजार मात्र असतो. मग रक्तातील प्लेटलेट मोजण्याचे यंत्र किंवा तयार चाचणीची पट्टी लागते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन या जुन्या आणि स्वस्त गोळीचा महिनाभराचा कोर्स पुरतो. बबेसियाच्या एका जातीवर मात्र नेहमीची इंजेक्शने नीट लागू पडत नाहीत आणि जी औषधे लागू पडतात ती फार महाग असतात. या दोन दुखण्यांत भेद करण्यासाठीच तपासणीचे पैसे द्यावयाचे असतात. ते वाचविले तर औषधाचे वाया जातात. पण हे गिऱ्हाइकाला पटवून देणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती महाविद्यालयात शिकवीत नाहीत.

पार्व्होची तऱ्हा आणखी वेगळी. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगासमोर आला आणि बघता बघता सर्व खंडांत पसरला. जमिनीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. पिल्लाच्या आतड्याचे अस्तर तो सोलून काढतो आणि हाडांतील मगजावर आघात करतो. रक्ताची हगवण आणि उलट्या यांनी ते दोन-तीन दिवसांत वाळून जाते. विषाणूला मारणारे खात्रीचे औषध सामान्य दवाखान्यात उपलब्ध नाही. उपाय म्हणजे शिरेतून सलाइन, उलटी थांबविण्याचे इंजेक्शन, प्रतिजैविक, आणि चार-सहा दिवस अहोरात्र कोणीतरी जवळ बसणे. बिल होते ते औषधापेक्षा या बसण्याचे. आणि हे सारे टाळणारी एकत्रित लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचे होईपर्यंत द्यावयाची असते. शहरांत तिचा एकेक डोस साधारणतः पाचशे ते हजार रुपयांच्या घरात जातो. ती औंधच्या सरकारी संस्थेतून येत नाही, खाजगी कंपन्यांकडून येते, आणि त्यांपैकी पुष्कळ परदेशी आहेत. तिला २ ते ८ अंशांच्या गारव्यात ठेवावे लागते. दुपारचे भारनियमन, फ्रीजवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरची बॅटरी, असा तो गारवा रिसोड-वाशीमकडे किती पैशांना पडतो याची कल्पना मुंबईच्या कंपनीला असण्याचे कारण नाही.

यावर करांची कैफियत. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेला वस्तू व सेवा कर लागत नाही, हे ऐकून मालकाला आनंद होईल; पण ज्याच्या सेवेवर कर नाही त्याला स्वतः खरेदीत भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. यंत्रावर, खुर्चीटेबलावर, सामग्रीवर दिलेला कर डॉक्टर मुकाट्याने फीमध्ये मुरवितो. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरील दर बऱ्यापैकी उतरले, हे खरे. कुत्र्यामांजरांच्या पाकीटबंद खाद्यावर मात्र १८ टक्के कर आहेच. शिवाय माणसांच्या अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत सरकार यादी करून बांधून देते; केवळ जनावरांसाठी बनविलेल्या औषधांना तशी यादी नाही.

तथापि माझ्या मते खरी मेख संख्येत आहे. रक्त मोजण्याचे यंत्र किंवा सोनोग्राफीचे उपकरण पुण्यात बसविले तर दिवसाला वीस रुग्ण त्याचे हप्ते फेडतात. तेच वाशीमला बसविले तर आठवड्याला चार. म्हणून वाशीमचा डॉक्टर एक तर यंत्र घेतच नाही, आणि रुग्णाला अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेकडे पाठवितो; किंवा घेतो आणि चौघांकडून विसांचे पैसे मागतो. साडेपाच वर्षे शिकून बाहेर पडलेला तरुण पदवीधर लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो किंवा लहान प्राण्यांच्या चिकित्सेत रस असल्यास सरळ शहर गाठतो, यात त्याला दोष देता येत नाही. वाशीमपासून अकोला सुमारे ८० किलोमीटर; रिठदहून त्याआधीची वाट आणखी वेगळी. आजारी कुत्र्याला एस.टी.त घेऊन जाणे किती कठीण हे ज्याने केले आहे त्याला विचारावे. सरकारी संस्थेतील फी माफक असते, पण भाड्याच्या गाडीचे जाणे-येणे, सोबत गेलेल्या दोघांची बुडालेली मजुरी आणि दुपारचे जेवण यांची बेरीज केली, म्हणजे उपचारापेक्षा प्रवासच महाग झालेला आढळतो. तक्रार करताना मात्र ही सारी बेरीज डॉक्टरच्या नावावर मांडली जाते.

विलायतेत या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली सुमारे दहा टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते. दहा वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ गेले, आणि वाढत्या बिलांच्या तक्रारींवरून तेथील स्पर्धा-नियामकाला २०२४ साली रीतसर चौकशी आरंभावी लागली. चॉकलेटे विकणारी अमेरिकेची मार्स कंपनी आज जगातील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखाना-मालकांपैकी एक आहे. आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला टाटा न्यासांनी २०२४ साली लहान प्राण्यांसाठी दोनशे खाटांचे रुग्णालय उघडले, ते धर्मादाय वृत्तीचे. परंतु महानगरांत नफ्यासाठी चालणाऱ्या साखळ्याही पाय रोवू लागल्या आहेत. रिसोड तालुक्यात त्यांचे पाऊल नाही. येथली महागाई विपुलतेतून आलेली नाही, ती टंचाईतून आली आहे. ब्रिटनचे निदान येथे लावून डॉक्टरला मक्तेदार ठरविणे हा अन्याय होईल.

विम्याचे बोलावे तर कानात बारा अंकी बिल्ला असलेल्या गाईचा विमा सरकारी अनुदानासह उतरतो. कुत्र्याचाही उतरतो, सरकारी विमा कंपन्यांच्या तशा पॉलिसी फार दिवसांच्या आहेत, आणि एका खाजगी कंपनीने २०२० साली नव्याने योजना काढली. स्वीडनमध्ये कुत्र्याच्या विम्याला शंभर वर्षे होऊन गेली. आपल्याकडे ज्याला स्वतःच्या आरोग्याचा विमा उतरविणे परवडत नाही, त्याला हे सांगावयास जाणे म्हणजे थट्टाच. परिणाम असा, की प्रत्येक दुखणे रोखीने निस्तरावे लागते, आणि रोखीचा खर्च डोळ्यांत भरतो.

याच अडचणीतून एक घातक काटकसर जन्मास आली आहे : घरातील माणसांच्या गोळ्या. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची रासायनिक शक्तीच मांजराच्या यकृतात नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. दोन रुपयांच्या गोळीने झालेले नुकसान भरून काढण्यास जे पैसे लागतात, त्यांतून वर्षभराच्या लसी आणि गोचिडांचे औषध येऊन वर काही उरले असते.

तेव्हा उपाय कोणता? सरकारने उद्यापासून प्रत्येक पोमेरेनियनचा खर्च उचलावा असे मी म्हणणार नाही. सोयाबीनला भाव नसताना तशी मागणी करणे शोभणारेही नाही. १९६२ या क्रमांकावर येणारे फिरते पथकही मुख्यतः पशुधनासाठी आहे आणि ते तसेच असावे. परंतु जागलीचा कुत्रा हा शेतीचे औजार आहे, आणि त्याला टोचलेली रेबीजची लस ही गावाच्या आरोग्याची बाब आहे, एवढे दोन मुद्दे मान्य झाले तरी पुष्कळ काम होण्याजोगे आहे. तालुक्याच्या लघु सर्वचिकित्सालयात आठवड्यातील एक ठरावीक वार लहान प्राण्यांसाठी राखून ठेवला, म्हणजे सहा दिवस विखुरलेले रुग्ण एका दिवशी गोळा होतील आणि यंत्राचा प्रत्येकी खर्च आपोआप उतरेल. त्यासाठी लागणारे सामान थोडके आहे : पुसता येईल असे एक टेबल, निरनिराळ्या मापांची मुसकी, चांगला सूक्ष्मदर्शक आणि रंगद्रव्ये, रक्त मोजण्याचे एक यंत्र, लसींसाठी बॅटरीवर चालणारा फ्रीज, आणि केटामिनच्या नोंदवहीची जबाबदारी घेणारा एक पदवीधर अधिकारी. जिल्हा वार्षिक योजनेतून याहून मोठ्या रकमा याहून लहान कामांना मंजूर झालेल्या आहेत. वाशीमच्या सहा तालुक्यांपैकी एकाने जरी हा प्रयोग वर्षभर केला, तरी अकोल्याला जाणाऱ्या गाड्यांपैकी किती गाड्या वाचल्या याचा हिशेब जिल्हा परिषदेला आपल्याच नोंदवहीतून काढता येईल.